अमिट्राझ १२.५ टक्के: औषध चोख, पण गोठ्याच्या भेगा विसरू नका

सोलापूरकडच्या खिलार बैलांना आणि पंढरपुरी म्हशींना गोचिडासाठी अमिट्राझ भरवशाचं. हे औषध गोचिडाची मज्जासंस्था बिघडवतं, त्याची पकड सुटते आणि काही तासांत तो खाली गळतो.

माप लिटरला २ मिली. म्हणजे १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ३० मिली, आणि त्यात मोठी जनावरं तीन, फार तर चार. त्याच पंपात आठ-दहा उरकली की कातडीपर्यंत औषध पोचतच नाही, आणि अशा अर्धवट मात्रेतूनच दाद न देणारे गोचीड तयार होतात. कानाच्या आत पंप मारू नका, फडक्याने पुसा. गळ्याची पोळी, जांघ, कास, शेपटीखालची जागा नीट भिजली पाहिजे. पाणी स्वच्छ हवं, द्रावण त्याच दिवशी संपवायचं. आधी जनावराला पाणी पाजा, नाहीतर ते अंग चाटतं. उन्हाच्या आत, सकाळीच फवारा.

फसगत होते ती पुढे. आपल्या कोरड्या भागात हायलोमा जातीचा गोचीड जनावरावर कायम राहत नाही. पोट भरलं की उतरतो आणि दगडमातीच्या भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली दडतो. मादी तिथेच हजारो अंडी घालते. म्हणून गळलेले गोचीड झाडून जाळा, भेगा सिमेंटने बुजवा, भिंतींवरही फवारा.

आणि गोचीड बोटांनी चिरडू नका. २०११ मध्ये गुजरातेत माणसांत आढळलेला क्रिमियन-काँगो तापाचा (रक्तस्राव होऊन जीवही घेणारा ताप) विषाणू हायलोमाच वाहतो. त्याचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती, तीन तुकड्यांचा. नक्कल करताना झालेल्या चुका तो दुरुस्त करत नाही, त्यामुळे दर खेपेला थोडे वेगळे विषाणू निपजतात. एकाच गोचिडात किंवा जनावरात दोन वाण भेटले तर तुकड्यांची अदलाबदलही होते. गोचिडाकडे इंटरफेरॉन (विषाणू शिरला की पेशी सोडतात ते बचावाचं प्रथिन) नाही, आपल्याकडे आणि गाईकडे आहे. ते चुकवायला या विषाणूच्या सर्वांत मोठ्या तुकड्यात एका विकराची (एन्झाइमची) कृती आहे: पेशी धोक्याची वर्दी द्यायला प्रथिनांवर ज्या खुणा लावते, त्या हे विकर खुडून टाकतं. गाय आजारी दिसत नाही, पण काही दिवस तिच्या रक्तात विषाणू फिरतो आणि तेवढ्यात नवे गोचीड तो उचलतात. गोचीड ते जनावर आणि परत गोचीड अशी प्रत्येक फेरी म्हणजे विषाणूला सस्तन प्राण्यात रुळायची आणखी एक संधी. गोठा साफ ठेवला की या फेऱ्याच कमी होतात.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो मापासाठी: झाकणाने अंदाजे ओतू नका, २० मिलीची सिरिंज ठेवा, दीड सिरिंज म्हणजे एक पंप. हातमोजे घाला. दूध किती दिवस वापरायचं नाही ते लेबलवर पाहा. अकलूजच्या बाजारातून घोडा आणला असेल तर त्याला हे औषध थेंबभरही लावू नका. घोड्याचं आतडं थांबतं आणि जनावर हातचं जातं.