ट्रिगरचे वजन आणि दस्त्याचे माप : सोलापुरातील एक अनुभव

दहा मीटर एअर रायफलच्या सरावात माझे छर्रे वारंवार उजवीकडे खाली लागत असल्यामुळे विजापूर रस्त्यावरील एका कारागिराकडून मी रायफल जुळवून घेतली. ट्रिगरला हात लावण्याआधी त्याने मला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितले. डोळे उघडले तेव्हा नजर नेम धरण्यासाठी रायफलवर बसवलेल्या मागच्या साइटच्या छिद्राखाली होती, म्हणजे प्रत्येक वेळी मी मान ताणूनच नेम धरत होतो. दस्त्यावरची गाल टेकवायची गालपट्टी सहा मिलिमीटर वर आणि खांद्याला टेकणारी बटप्लेट थोडी मागे सरकवताच मान सैल पडली. त्यानंतर ताणकाट्याने ट्रिगरचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, मोजला असता तो ३५० ग्रॅम भरला. या प्रकारात पिस्तुलासारखी किमान ५०० ग्रॅमची अट नसली, तरी फार हलका ट्रिगर नवख्याला फसवतो, असे सांगून त्याने तो १२० ग्रॅमवर थांबवला व रिकाम्या रायफलचा दस्ता थोपटून ट्रिगर आपोआप सुटत नसल्याची खात्री करून घेतली. हा संयम मला विशेष आवडला. दोन दिवसांचे काम नऊ दिवस लांबले आणि पावतीही मिळाली नाही. चहा मात्र दोनदा मिळाला. छर्रे आता एकत्र पडतात, डावीकडे किंचित सरकून, पण ती दुरुस्ती साइटची आहे.