ओर्व्हिएतो: एकाच गावात सहा रात्री

आमची पहिली युरोप टूर म्हणजे रोज पहाटे बॅगा दाराबाहेर आणि दिवसभर बस. त्या टूरमधली निम्मी गावं आज मला फोटो बघून सुद्धा ओळखता येत नाहीत. म्हणून या खेपेला सौ.ने ‘एकच गाव, सहा रात्री’ अशी टूर शोधली तेव्हा मी फार चौकशी न करता पैसे भरले. चौदा जणांचा ग्रुप, मे महिना, इटलीतल्या उंब्रियामधलं ओर्व्हिएतो.

रोमहून रेल्वेने तासा-सव्वा तासात पोचलो. स्टेशन खाली आणि गाव वर, सरळ तुटलेल्या कड्याच्या माथ्यावर. वर जायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर चढणारी छोटी गाडी. 1888 मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली उतरला की खालचा डबा आपोआप वर. आता ती विजेवर चालते. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे हे कळल्यावर मी सामान उचलायचं सोडून गाइडलाच प्रश्न विचारत राहिलो.

आणि मग विहीर. तिचं नाव पोत्झो दी सान पात्रित्झिओ. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून या गावात आला. कडा उंच, त्यामुळे शत्रू वर येणं अवघड, पण वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं? त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या स्थापत्यकाराला विहीर खोदायला लावली. दहा वर्षं लागली, काम पुरं झालं 1537 मध्ये. खोली 50 मीटरहून जास्त, आणि आत एकमेकांना कुठेच न छेदणारे दोन गोल जिने. एकाने खेचरं रिकाम्या बुधल्या घेऊन उतरायची, तळाचा पूल ओलांडायची आणि दुसऱ्याने भरलेलं पाणी घेऊन चढायची. समोरासमोर गाठ पडायचीच नाही!

मी 248 पायऱ्या उतरलो. पायऱ्या रुंद आणि बुटक्या, जनावराच्या पावलाला झेपतील अशा. आतल्या भिंतीत 70 खिडक्या आहेत, त्यांतून वरचा उजेड जिन्यात येतो. उतरता उतरता समोरच्या खिडकीत सौ. दिसली, ती वर निघाली होती. मी हाक मारली तर आवाज घुमून भलतीकडूनच आला. जरा खाली गेल्यावर कापलेला खडक संपून विटांचं बांधकाम लागलं. वर टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, आणि खाली चिकणमाती. माती ढासळू नये म्हणून विटा. पाणीही मिळतं ते याच जोडावर, कारण टफमधून झिरपलेलं पाणी चिकणमातीवर येऊन अडतं. साताऱ्याजवळची बारामोटेची विहीर पाहून मी असाच भारावलो होतो. गाइडने इथे अर्धा तास ठेवला होता. मी दुसऱ्या दिवशी स्वतः तिकीट काढून पुन्हा गेलो.

कॅथेड्रलबद्दल सगळेच लिहितात, मी दोनच गोष्टी सांगतो. पायाभरणी 1290 ची. दर्शनी भिंतीवर खालच्या बाजूला, अगदी डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, संगमरवरात सृष्टीच्या निर्मितीची कथा कोरली आहे. आतल्या सान ब्रित्झिओ चॅपलमध्ये लुका सिन्योरेल्लीने 1499 ते 1504 या काळात भिंती रंगवल्या. तिथे मेलेली माणसं जमिनीतून हात टेकून स्वतःला वर ओढून काढताना दिसतात, खांदे आणि पाठीचे स्नायू ताणलेले. मान दुखेपर्यंत बघत बसलो.

आता तक्रारी. माहितीपत्रकात ‘संपूर्ण शाकाहारी सोय’ लिहिलं होतं, पण हॉटेलला त्याची काहीच कल्पना नव्हती. पहिल्या रात्री सॅलड आणि पाव. पावही बिनमिठाचा, तो तिथे तसाच करतात. ग्रुपमध्ये नागपूरच्या दोघी जैन बहिणी होत्या. पेकोरीनो चीज कोकराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजतात हे आमच्या टूर मॅनेजरला त्यांनीच सांगितलं. मार्ग निघाला तो गल्लीतल्या एका छोट्या खानावळीत. उंब्रिकेल्ली नावाच्या जाड शेवया तिथे फक्त पीठ आणि पाण्याच्या करतात, अंडं नाही. बहिणींसाठी कांदा-लसूण वगळून नुसता टोमॅटो, आमच्यासाठी लसूण घालून. मालकीणबाईंनी पीठ हाताने वळून दाखवलं. पुढचे चार दिवस आम्ही तिथेच जेवलो.

दुसरी तक्रार चिविता दी बान्योरेज्योच्या दिवसाची. तेही टफच्या कड्यावरचं गाव, पण खालची चिकणमाती पावसाने वाहून जाते आणि कडेची घरं दरीत कोसळत आली आहेत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक आता तिथे कायम राहतात. गावात जायला एकच लांब पादचारी पूल, शेवटी चांगलाच चढ. त्याबद्दल आधी कोणी बोललं नाही, आणि गुडघ्यांचा त्रास असलेले तिघे पुलाच्या अलीकडेच बसून राहिले. प्रवेशाचे 5 युरो आमच्याकडून वेगळे घेतले. बस तासभर उशिरा आली म्हणून गावात जेमतेम दीड तास मिळाला. इतक्या लांबून येऊन ते गाव असं धावत बघावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तरीही जा म्हणेन, ते संध्याकाळींसाठी. पाचच्या सुमारास एका दिवसापुरते आलेले प्रवासी फ्युनिक्युलरने उतरून जातात आणि गाव मोकळं होतं. आम्ही रोज कॅथेड्रलसमोर बसायचो. मावळतीचं ऊन भिंतीवरच्या सोनेरी मोझेकवर यायचं. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या बाकावरच्या आजी आम्हाला बघून मान हलवायला लागल्या, आणि शेवटच्या संध्याकाळी सौ.ला त्यांनी आपल्या शेजारी जागा करून दिली. दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या, एक मराठीत, एक इटालियनमध्ये.