लेबर रूममधली पोर्टेबल सोनोग्राफी: अडलेल्या बाळंतपणात मशीन किती कामाचं?

अमरावती जिल्ह्यातल्या धारणी किंवा गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी बाळंतपण अडलं की प्रश्न एकच असतो: आत्ताच रेफर करायचं (मोठ्या रुग्णालयात पाठवायचं), की आणखी तासभर वाट पाहायची? धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, त्यात मेळघाटातले घाट. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. आजवर हा निर्णय पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता) आणि पीव्ही (योनीतून बोटांनी केलेली तपासणी) यांवर होत आला. त्यात लॅपटॉपएवढ्या सोनोग्राफी मशीनची भर घालावी का? आमचं मत असं की घालावी, पण बाळाच्या डोक्याची दिशा आणि दोन मापं एवढ्यासाठीच. कंपनीचा माणूस डेमोत जे रंगीत चित्र दाखवतो, त्याचा इथे काही उपयोग नाही.

मशीन कमाल करतं ते पीव्ही फसते तिथे. कळा लांबल्या की बाळाच्या डोक्यावर कॅपुट, म्हणजे सूज, चढतं, कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात. बोटाला डोकं खाली आल्यासारखं लागतं, हाड मात्र वरच असतं. डोकं किती खाली उतरलं हे नोंदताना एक डॉक्टर ‘झिरो स्टेशन’ लिहितो, ड्यूटी बदलली की दुसरा ‘मायनस वन’. टाळू आणि शिवणी सुजेखाली हरवल्या की ओपी (बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे) आहे की नाही हेही छातीठोक सांगता येत नाही. पडद्यावर कवटीचं हाड पांढऱ्या कमानीसारखं उठून दिसतं, आणि कॅपुट हाड व प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) यांच्या मध्ये वेगळं कळतं.

आधी दिशा पाहायची. प्रोब ओटीपोटावर, जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) वर आडवा धरायचा. डोळ्यांच्या दोन खोबण्या पुढे, म्हणजे आईच्या पोटाकडे दिसल्या तर ओपी. मात्र सुरुवातीला ओपी असलेली बहुतेक बाळं पुढे आपोआप फिरतात, त्यामुळे गर्भाशयाचं तोंड चार-पाच सेंमी उघडलं असताना ओपी दिसलं म्हणून घाबरून गाडी बोलावू नये. कळा लांबल्यावर, आठ-नऊ सेंमीलाही तेच दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

पहिलं माप डोकं आणि पेरिनियम (योनिद्वार व गुदद्वार यांमधली जागा) यांमधलं अंतर. नवख्या हाताला हेच जमतं. लघवीची पिशवी रिकामी करायची, नाहीतर चित्र बिघडतं. बाईला पाठीवर झोपवून गुडघे वाकवायचे. कॉन्व्हेक्स (बाहेर फुगीर तोंडाच्या) प्रोबवर जेल घालून ग्लोव्ह चढवायचा, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. योनिद्वाराच्या मागच्या कडेशी प्रोब आडवा टेकवून हाडाचा अडसर लागेपर्यंत दाबायचा, पण बाईला दुखू न देता. मग थोडा वर-खाली कलवून सगळ्यात कमी अंतर सापडलं की फ्रीझ. कवटीच्या बाहेरच्या कडेपासून पडद्यावरच्या चित्राच्या वरच्या कडेपर्यंत, म्हणजे कातडीपर्यंत मोजायचं. हे सगळं दोन कळांच्या मध्ये. कळ चालू असताना घेतलेलं माप मागच्या मापाशी ताडता येत नाही. बहुतेक घोळ दाबण्यात होतो: हलकं दाबलं की अंतर जास्त येतं आणि बाई विनाकारण गाडीत बसते. म्हणून माप तीनदा घ्यावं आणि सगळ्यात कमी आकडा धरावा.

दुसरं माप कोनाचं. प्रोब उभा फिरवायचा, जघनास्थी लांबट अंड्यासारखी दिसते. तिच्या लांबीतून एक रेघ, तिच्या खालच्या टोकापासून कवटीला स्पर्श करणारी दुसरी. या दोहोंमधला कोन जितका मोठा, तितकं डोकं खाली. जघनास्थी नीट आडवी दिसत नसेल तर कोन लिहूच नये, अंतरावर काम भागवावं.

आकड्यांचा आधार असा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वे आणि इंग्लंडमधल्या पहिलटकरणींच्या अभ्यासात, कळांची पहिली पायरी (गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतची) लांबलेल्या स्त्रियांत अंतर ४० मिमी किंवा कमी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणी खालूनच मोकळ्या झाल्या. ५० मिमीच्या पुढे गेलेल्यांत मात्र सुमारे पाचपैकी चार जणींचं सीझर झालं. कोन ११० अंश किंवा त्याहून जास्त असेल तर चित्र आशादायक, १०० च्या खाली असेल तर सीझरची शक्यता जास्त. व्हॅक्यूम (डोक्याला कप लावून बाळ ओढणं) लावायचं असेल तर १२० अंशांच्या पुढचा कोन धीर देतो. २०१८ साली आलेली प्रसूतिशास्त्रातल्या सोनोग्राफीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही लांबलेल्या कळांत आणि व्हॅक्यूमआधी हे पाहावं असं सांगतात.

पण अभ्यासातल्या त्या नॉर्वे-इंग्लंडच्या बायका, तिथलं पोषण, शेजारीच ऑपरेशन थिएटर. तो आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. ४० ते ५० मधला पट्टा तर आपल्याकडे खरा त्रासाचा. जिथे सीझरची सोय नाही तिथे या पट्ट्यात ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं औषध) चढवत वाट पाहणं आम्हाला मान्य नाही. तासाभराने पुन्हा मोजायचं असेल तर १०८ रुग्णवाहिकेला आधीच कळवून ठेवावं. आधी सीझर झालेली किंवा चार बाळंतपणं झालेली बाई असेल तर हे आकडे बाजूलाच ठेवावेत. बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होत असतील, लघवीत रक्त असेल, पोटावर वळ उठला असेल तर मशीन उघडायचंच नाही, गाडी निघाली पाहिजे. आणखी एक: मशीनमुळे बाळाची दिशा अचूक कळते हे पक्कं ठरलंय, सीझर कमी होतात किंवा बाळं वाचतात हे नाही.

खरा फायदा रेफरच्या चिठ्ठीत दिसतो. ‘प्रोग्रेस नाही’ एवढंच लिहिण्याऐवजी ‘रात्री २.१०, तोंड ८ सेंमी, ओपी, अंतर ५४ मिमी, कॅपुट आहे, एक तासात बदल नाही’ असं लिहिलं की जिल्हा स्त्री रुग्णालयातल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

कायद्याची बाजू हलक्यात घेऊ नये. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) कायद्याखाली मशीन नोंदलेलं हवं, नोंदणीच्या जागेबाहेर ते नेता येत नाही. म्हणजे उपकेंद्रावर किंवा पाड्यावर घेऊन फिरण्याचा बेत विसरायचा. युरोपात काही ठिकाणी दाई-नर्स हे माप घेते, इथे प्रोब कायद्याने पात्र डॉक्टरच धरणार. दर वेळी फॉर्म एफ (गर्भवतीच्या सोनोग्राफीची कायदेशीर नोंद), अगदी कळा चालू असतानाही. गर्भाची स्थिती पाहणं हे कारण त्यातल्या यादीत आहे. फॉर्ममधली त्रुटी हाही गुन्हा ठरू शकतो, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. म्हणून नाव-पत्त्याचा भाग दाखल करतानाच भरून ठेवावा. पडदा नातेवाइकांकडे वळवू नका. ‘पोरगं हाय का पोरगी?’ हा प्रश्न येतोच, आणि दारावरची ‘इथे गर्भलिंगनिदान होत नाही’ ही पाटी दाखवणं हे त्याचं एकच उत्तर.

खरेदी करताना थ्रीडी आणि कलर डॉप्लरवर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) पैसे घालवू नका. एक कॉन्व्हेक्स प्रोब, कोन मोजण्याची सोय (काही स्वस्त मशीनमध्ये ती सापडत नाही, डेमोत मोजूनच बघा) आणि लोडशेडिंगमध्ये निदान तासभर टिकणारी बॅटरी एवढं पुरे. मोबाइलला जोडायच्या प्रोबलाही हाच कायदा लागू, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर जघनास्थीची कड शोधताना नाकी नऊ येतात. दुरुस्तीचा माणूस बहुधा नागपूरहून येणार, तेव्हा प्रोब बिघडल्यास बदली किती दिवसांत, हे करारात लिहून घ्या. प्रोब कशाने पुसायचा ते कंपनीकडून लेखी घ्या, कारण काही प्रोबचं रबर स्पिरिटने कडक होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की जेल पाण्यासारखं पातळ होतं; बाटली लेबर रूमच्या खिडकीत न ठेवता सावलीतल्या कपाटात ठेवा.