टॅरो डेक सहा महिने वापरून: चित्र पाऊण, कड पाव

काल शेवटी राजवाड्याजवळच्या एका लग्नपत्रिकावाल्याकडे जाऊन अख्ख्या टॅरो डेकच्या, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या ७८ चित्रपत्त्यांच्या जोडाच्या, कडा कटिंग मशीनवर उडवून आणल्या, म्हणून आता लिहितोय. सहा महिने धीर धरला.

आधीच सांगतो, भविष्यबिविष्य मी बघत नाही. बीपी निघाल्यावर डॉक्टरांनी गोळीबरोबर रोज पंधरा मिनिटं शांत बसायला सांगितलं आणि मी डोळे मिटले की थेट होमलोनचा हप्ता दिसतो. मेव्हणी म्हणाली, दाजी, एक टॅरो कार्ड समोर ठेवा, दहा मिनिटं बघा, मग डोळे मिटून तेच चित्र आठवा. म्हणजे त्राटकच की, दिव्याऐवजी पत्ता.

पहिला डेक सातशेत ऑनलाइन घेतला, तो डुप्लिकेट निघाला. पुस्तिकेच्या जागी क्यूआर कोड, पत्ते बारके, रंग धुवून काढल्यासारखे. रिटर्नसाठी अकरा दिवस भांडलो, ते आठवलं की अजून चढतं. मग १८५० चा ओरिजिनल घेतला, जंगलाची वॉटरकलर चित्रं, जाड पत्ता, सोनेरी एज म्हणजे पत्त्यांच्या काठांना सोनेरी मुलामा. त्या एजचेच साडेतीनशे जास्त.

चित्रं खरंच भारी आहेत. पण भोवती पांढरी कड, तिन्ही बाजूंना ५ मिमी आणि खाली नावाची पट्टी १२ मिमी. चंद्राच्या पत्त्यात दोन बुरुजांमधनं वाट डोंगराकडं जाते, मी त्या वाटेनं निघालो की नजर कडेला धडकते आणि खाली ठळक अक्षरात 'द मून'. अरे दिसतोय ना चंद्र! पट्टीनं मोजलं, पत्ता ७० बाय १२०, चित्र ६० बाय १०३, म्हणजे पाव भागाच्या वर कोरा कागद. १८५० तले जवळपास पाचशे रुपये कोऱ्या कागदाचे. हे एकदा कळल्यावर ध्यानात दुसरं काही येईनाच.

पावसाळ्यात पत्ते वाकले पण त्याबद्दल तक्रार नाही, साताऱ्यात जुलैत काडेपेटीसुद्धा सादळते. दोन दिवस डिक्शनरीखाली ठेवले, सरळ झाले.

एक मत मात्र मधेच बदललं. मला वाटायचं जितकं बारीक काम तितकं मन रमतं. रमतं हो, पण भटकतं पण. आठ मिनिटं मी हरणंच मोजत बसायचो. मग मेव्हणीचा जुना रायडर-वेट आणला, १९०९ चा तो प्रसिद्ध डेक, सपाट रंग, जाड रेघ, आणि डोळे मिटल्यावर तोच जास्त टिकला. पामेला कोलमन स्मिथ बाईंनी काढलाय, जवळपास प्रत्येक पत्त्यात त्यांची सापासारखी वळलेली सही सापडते. मोठं काम आणि पैसे अगदी थोडे, असं त्यांनीच त्या वर्षी एका पत्रात लिहून ठेवलंय. आणि चित्रं ७८ च्या ७८ पत्त्यांवर! मार्सेय पद्धतीचा, म्हणजे जुन्या फ्रेंच धाटणीचा डेक ध्यानाला घेऊ नका, त्यात ७८ पैकी जे ५६ 'छोटे' पत्ते धरतात त्यातल्या बहुतेकांवर आपल्या रमीसारखी नुसती चिन्हं असतात, सात तलवारींकडं बघून कुठं जाणार? रायडर-वेटलाही पांढरी कड आहेच, पण मेव्हणीचा असल्यामुळं कापता येईना.

म्हणून काल माझाच नेला. प्रेसवाल्यानं विचारलं, कुठल्या पूजेचं आहे? मी हो-नाही काहीतरी पुटपुटलो. चार गठ्ठे केले, प्रत्येक गठ्ठा चारी बाजूंनी खटाखट, पन्नास रुपये. साडेतीनशेची सोनेरी एज कचऱ्यात गेली, तेव्हा पोटात कालवलं. शेवटचा गठ्ठा जरा सरकला आणि हर्मिटबाबाच्या, म्हणजे कंदील धरलेल्या संन्याशाच्या पत्त्यातल्या काठीचं टोक गेलं. कंदील वाचला.

आज सकाळी चंद्र लावून बसलो. वाट कागदाच्या टोकापर्यंत जाते आणि पुढं भिंतच सुरू होते, मधे काही नाही. हरणं मोजली नाहीत. बायको चहा घेऊन आली तेव्हा वीस मिनिटं झाली होती. आता हाच डेक पुन्हा घेईन का विचाराल तर हो, पण आधी कड मोजून.

कापलेल्या नावांच्या पट्ट्या धाकटीनं मागून घेतल्या होत्या, प्रोजेक्टला लागतील म्हणाली. आत्ता जेवायला बसलो तर बरण्यांवर चिकटवल्यात. साखरेवर 'द एम्प्रेस', तिखटावर 'द टॉवर', आणि मिठावर 'डेथ'.