छातीचा पट्टा, सात महिने वापरून: डबी सोन्यासारखी, टिचबटणं रद्दी

रविवारी नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्यांवर चौथ्या फेरीत हृदयाचे ठोके मोजणारा माझा पट्टा पुन्हा आंधळा झाला. 171 वरून थेट शून्य. सात महिन्यांत तिसरी वेळ, म्हणून लिहायला बसलो. ब्लूटूथ वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो.

पट्ट्याला पुढे दोन टिचबटणं असतात, त्यांत सेन्सरची डबी बसते. हृदयाचा विद्युत संदेश या दोन बटणांतूनच डबीत जातो, म्हणजे सगळी भिस्त त्यांच्यावर. आणि कंपनीने नेमकी तीच हलकी लावली. चौथ्या महिन्यात मुलामा उडाला, कडेला हिरवट थर धरला, नखाने खरवडला की भुकटी निघते. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: ‘घामाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’ अहो, छातीला बांधून पळायची वस्तू, तिला घाम नाही तर काय लागणार? तीन चकरा, पेट्रोल माझं, आणि शेवटी नवा पट्टा 1,800 रुपयांना घ्या म्हणाले. मी घेतला नाही.

तरी फेकून का दिला नाही, तेही सांगतो. आधी मनगटावरच्या घड्याळावर चालायचो. केटलबेल स्विंगमध्ये (कडीचं लोखंडी वजन झुलवताना) घड्याळ 112 दाखवायचं, तेव्हा पट्ट्यावर 168. घड्याळ प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची हालचाल वाचतं. मूठ आवळली, मनगट हललं की त्याचा हिशोब चुकतो. सावकाश पळताना ठीक, इंटरव्हलला, म्हणजे थोडा वेळ जोर, थोडी विश्रांती अशा व्यायामाला, भरवसा नाही. वय 43, म्हणजे 220 वजा वयाने माझी ठोक्यांची कमाल 177 निघते. पायऱ्यांवर 189 गेलेली आहे. सूत्र सरासरीचं असतं, माणसाचं नसतं.

खरी किंमत वसूल झाली ती एका आकड्यात: जोर थांबवल्यावर एका मिनिटात ठोके किती उतरतात. 1999 च्या एका गाजलेल्या अभ्यासात 12 किंवा त्याहून कमी घट ही धोक्याची खूण ठरली होती. दिवाळीत माझी 14 होती. रात्री झोप लागली नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले, स्ट्रेस टेस्ट केली, ती नीट आली. मग आठवड्याला दोनच दिवस जोराचे, दोन वजनांचे, बाकी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर बोलता येईल इतकं सावकाश. आता घट 31 आहे, आणि सकाळी उठल्यावरचे ठोके 72 वरून 61.

स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांना ठोके आठ-दहाने जास्त येतात. एप्रिलच्या उन्हात तर वेग तोच ठेवूनही आकडा चढत जायचा. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. त्या दिवशी वेग कमी करायचा, हट्ट नाही. जड वजनाच्या दिवशी मात्र पट्टा घरी ठेवा. पाच रेपच्या, म्हणजे पाचच वेळा उचलायच्या, सेटमध्ये स्नायूंवर किती ताण आला, ते ठोक्यांवरून कळत नाही.

आमच्या जिममध्ये ‘ताबाता’ म्हणून जो इंटरव्हल व्यायाम पाऊण तास चालतो, तो ताबाता नव्हे. 1996 च्या मूळ प्रयोगात सायकलवर 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद विश्रांती, आणि सात-आठ फेऱ्यांत माणूस संपायचा. पाऊण तास टिकणारा जोर तेवढा नसतोच.

इथपर्यंत रविवारी रात्री लिहिलं होतं. बुधवारी मेन रोडला बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांना पट्टा दाखवला. त्यांनी बटणं अंगठ्याने फिरवून पाहिली, ‘पितळ आहे, मिठाने खाल्लंय’ म्हणाले, आणि दोन्ही काढून स्टीलची ठोकून दिली. 40 रुपये. मागच्या काळ्या रबराला बटणाचा पाय नीट भिडलाय का, हे त्यांनी स्वतःहून तपासलं. ते सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी पाहिलंही नव्हतं.

चूक थोडी माझीही. ओला पट्टा डबीसकट तसाच बॅगेत टाकायचो. ओल्या पट्ट्यावर डबी चालूच राहते, त्यात दोन सेल गेले. आता आल्या आल्या डबी काढतो, पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत टांगतो.

म्हणून डबीला पाच तारे, पट्ट्याला एक. आज सकाळी सहा फेऱ्या, आकडा एकदाही तुटला नाही. शेवटच्या फेरीला 184, मिनिटाने 152. काकांकडून बटणांची आणखी एक जोडी घेऊन ठेवली आहे.