मूळ टीबी-३०३ घ्यावी की झॉक्सबॉक्स जोडावा?

रोलँड कंपनीची टीबी-३०३ (बेसचे सूर वाजवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) १९८१ साली आली ती गिटारवादकांना बेसची साथ मिळावी म्हणून. खपली नाही, काही वर्षांत बंदही झाली. १९८२ मध्ये मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी तिच्यावर राग वाजवले, म्हणून ती मला फार जवळची. पण आज ती लाखांत जाते, मिडी (वाद्यं एकमेकांना आणि संगणकाला जोडण्याची सोय) नाही, आणि बॅटऱ्या उतरल्या की साठवलेले पॅटर्न पुसले जातात.

अभियंता लिमोर फ्रीड यांच्या २००५ च्या झॉक्सबॉक्स या स्वतः जोडायच्या किटमध्ये त्याच धर्तीचं अॅनालॉग सर्किट आहे, शिवाय मिडी आणि यूएसबी. शिकायचं असेल तर मी हाच सुचवेन. सोल्डरिंग करता करता टीबी-३०३च्या फिल्टरचा (आवाजातला काही भाग गाळणाऱ्या सर्किटचा) तो चिरका आवाज नेमका कुठून येतो, ते उमगतं. त्याला लागणारे जुने ट्रान्झिस्टर मिळवणं मात्र जिकिरीचं.