बाजारातून आलेला किराणा: धुवावा, पुसावा, बाजूला ठेवावा की सरळ फडताळात लावावा?

साथ आली की घरात दोन पक्ष पडतात. एकाला दुधाच्या पिशवीपासून काडेपेटीपर्यंत सगळे पुसून घ्यायचे असते, दुसऱ्याला त्यात वेळेचा अपव्यय दिसतो. हा आढावा या दोघांच्या मधे उभ्या असलेल्या आणि निर्णय घ्यायच्या माणसासाठी आहे. मुख्य आधार कोविडचा आहे, कारण सामानावरच्या विषाणूचा इतका बारकाईने अभ्यास दुसऱ्या कुठल्या साथीत क्वचितच झाला. मात्र उत्तर रोगागणिक बदलते, आणि तो फरक पुढे स्वतंत्रपणे सांगितला आहे.

भीती कुठून आली, कशी ओसरली

मार्च २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटा अहवाल आला. प्रयोगशाळेत हा विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत, स्टीलवर ४८ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर ४ तासांपर्यंत जिवंत सापडला. लोकांच्या लक्षात '७२ तास' एवढेच राहिले. त्याच अहवालातला जास्त उपयोगी आकडा मागे पडला: प्लॅस्टिकवर दर पावणेसात तासांनी जिवंत विषाणू निम्मे होत होते. म्हणजे एका दिवसात बारावा हिस्सा उरतो आणि तीन दिवसांनी हजारातला एकही नाही. शिवाय सुरुवातीला ठेवलेला विषाणूचा साठा भरपूर होता. कुणी पुड्यावर खोकले तर त्याच्या अगदी थोडा अंश तिथे बसतो.

जुलै २०२० मध्ये रटगर्स विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात नेमका हाच मुद्दा मांडला: वस्तूंमधून होणाऱ्या संसर्गाचा धोका फुगवला गेला आहे. ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सांगितले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असते. इथे 'दूषित' हा शब्द महत्त्वाचा आहे. घरात आलेला प्रत्येक पुडा दूषित नसतोच, त्यामुळे प्रत्यक्ष धोका याहूनही खाली जातो.

यावरून मार्च २०२० मध्ये पुडे पुसणारे चुकले होते असे म्हणता येत नाही. तेव्हा माहितीच नव्हती, आणि माहिती नसताना सावध राहणे शहाणपणाचे होते. महाराष्ट्रात तर एप्रिल २०२० मध्ये घरोघरी वर्तमानपत्र टाकण्यावरही बंदी घातली गेली. खटकते ते पुढचे: २०२१ मध्ये हवेतून होणाऱ्या प्रसाराचे पुरावे समोर असतानाही कित्येक घरांत मास्क हनुवटीवर असायचा आणि बिस्किटांचे पुडे मात्र सॅनिटायझरने न्हाऊन निघायचे.

फक्त हात धुणे

पुड्यावर काही असलेच तरी ते हातांवाटेच नाकातोंडाशी पोचते. त्यामुळे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक जागा म्हणजे हात. क्रम असा: पिशवी जमिनीवर किंवा ओट्याच्या एका ठरलेल्या टोकाला टेकवायची, सामान जागच्या जागी लावायचे, बाहेरची वेष्टने कचऱ्यात टाकायची, रिकाम्या कापडी पिशव्या धुवायला टाकायच्या आणि मगच हात धुवायचे. साबण लावून किमान २० सेकंद चोळायचे. अंगठे, नखांखालची जागा आणि बोटांच्या बेचक्या विसरायच्या नाहीत. सामान लावताना तोंडाला हात लावायचा नाही, तोंडात काही टाकायचे नाही.

हे फसते ते बहुतेक वेळा मोबाइलमुळे. सामान लावता लावता यादी बघायला किंवा पैसे पाठवायला फोन हातात घेतला जातो, नंतर स्वच्छ धुतलेला हात त्याच फोनला लागतो. यादी कागदावर लिहा, पैसे आधी पाठवा.

बाजूला ठेवणे

तांदूळ, डाळ, साखर, साबण, कागदी पुडे या सगळ्यांसाठी बिनखर्चाचा आणि बिनरसायनाचा उपाय. कोविडसारख्या विषाणूसाठी पुठ्ठ्याचे सामान एक दिवस आणि प्लॅस्टिकचे तीन दिवस बाजूला ठेवणे पुरेसे आहे.

तापमानावर बरेच अवलंबून असते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अंधारात, २० अंशांना, काचेवर आणि नोटांवर हा विषाणू २८ दिवसांनीही सापडला. ४० अंशांना मात्र तो दोन दिवसांच्या आत संपला. २८ दिवसांचा आकडा ऐकून दचकू नका, तिथेही सुरुवातीचा साठा मोठा होता आणि ऊन अजिबात नव्हते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत बंद गॅलरीत ठेवलेले सामान या अर्थाने लवकर निर्धोक होते. उलट फ्रिजमध्ये, ४ अंशांना, विषाणू दोन आठवडेही टिकू शकतो. म्हणून 'फ्रिजमध्ये तीन दिवस बाजूला ठेवले' याला काहीच अर्थ नाही. दूध, पनीर, गोठवलेले मटार यांच्यासाठी ही पद्धत वापरता येत नाही.

इथे होणाऱ्या चुका साध्या असतात. कालच्या ढिगावर आजचे सामान टाकले की कुठले कधीचे ते कळत नाही. चिठ्ठीवर तारीख लिहून ढीग वेगळे करा. खाद्यतेल, औषधे आणि चॉकलेट उन्हात ठेवू नका, तेल खवट होते आणि औषधांची ताकद कमी होते. पावसाळ्यात जमिनीवरचा पिठाचा पुडा ओल धरतो. आणि चाळीतल्या एका खोलीत तीन दिवस बाजूला ठेवायला जागाच नसते. तिथे ही पद्धत लादू नये, हात धुण्यावर भर द्यावा.

साबणाचे पाणी

कोरोनाविषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण ते फोडतो. ज्याला आत पाणी शिरणार नाही अशा सीलबंद वस्तूंसाठी, म्हणजे दुधाची आणि तेलाची पिशवी, डबे, बरण्या यांच्यासाठी, पुसायचेच असेल तर सर्वांत सुरक्षित पर्याय हाच. भांडी घासायचा साबण फडक्याला लावून सगळीकडून पुसा, वाहत्या पाण्याखाली धरा, कोरडे करा.

दुधाची पिशवी आधी दाबून बघा. सूक्ष्म छिद्र असेल तर साबणाचे पाणी आत जाते. कात्रीही स्वच्छ हवी आणि कापलेला कोपरा ओट्यावर पडू देऊ नका. दूध तापवणार असाल तर आतल्या दुधाची काळजी करण्याचे कारण उरत नाही, उकळीला हा विषाणू टिकत नाही. अजून एक: काही पाकिटांवरची वापरण्याची मुदत साध्या शाईने छापलेली असते, ती घासताना पुसली जाते. ती आधी वाचून डब्यावर लिहून घ्या.

रसायने: फायदा थोडा, चुकीला जागा मोठी

सॅनिटायझर हातांसाठी आहे. सुमारे ७० टक्के अल्कोहोल असलेला द्रव वस्तूवर मारला तर पृष्ठभाग अर्धा मिनिट तरी ओला राहायला हवा. फवारून लगेच पुसले तर परिणाम अर्धवट राहतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तो पेट घेतो. गॅसची शेगडी चालू असताना ओट्यावर सॅनिटायझर फवारू नका, ही या लेखातली सर्वांत कळकळीची सूचना आहे.

सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरचे ब्लीच, ओटा, दाराची कडी, नळाची मूठ यांसाठी ठीक आहे. लागणारे प्रमाण ०.१ टक्का. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर एक लिटरच्या भांड्यात २० मिलि ब्लीच घेऊन वरपर्यंत साधे, थंड पाणी भरा. गावाकडे टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, असते. ती चांगल्या प्रतीची, सुमारे ३० टक्के क्लोरीनची असेल तर लिटरला साधारण ३ ग्रॅम घ्या, गाळ खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी वापरा. गोळे झालेली, वास गेलेली पावडर निकामी समजा. तयार द्रावण रोजच्या रोज करा, उष्णतेने आणि उन्हाने त्यातला क्लोरीन उडतो. धूळ-चिखल आधी पुसा, नाहीतर क्लोरीन मळावरच खर्च होतो. द्रावण किमान एक मिनिट ओले राहू द्या. पितळ, तांबे आणि स्टील नंतर पाण्याने पुसून घ्या, नाहीतर डाग पडतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

ब्लीच दुसऱ्या कशातही मिसळायचे नाही. संडास साफ करण्याच्या आम्लात किंवा व्हिनेगरमध्ये मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेल्या द्रवात मिसळले की क्लोरामाइन. सीडीसीने एप्रिल २०२० मध्ये नोंदवलेले एक प्रकरण याच विषयावरचे आहे. किराणा धुवून घ्यावा असे बातम्यांत ऐकून एका बाईंनी सिंकमध्ये ब्लीचचे १० टक्के द्रावण, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केले, त्यात भाज्या भिजवल्या आणि श्वास कोंडल्याने त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर मे महिन्यात केलेल्या पाहणीत ५०२ अमेरिकन प्रौढांपैकी १९ टक्क्यांनी फळे-भाज्यांसारखे पदार्थ ब्लीचने धुतल्याचे सांगितले. टाळायचा धोका नगण्य आणि ओढवून घेतलेला धोका खरा, हा हिशेब इथे उघड दिसतो.

अतिनील किरणांनी वस्तू निर्जंतुक करणाऱ्या यूव्ही पेट्यांवर पैसे घालवू नयेत. किरण जिथे थेट पडतात तेवढेच काम होते, सावलीत राहिलेली बाजू तशीच राहते, आणि उघडा दिवा डोळ्यांना व त्वचेला इजा करतो.

भाज्या आणि फळे

भाजी धुणे साथ असो वा नसो, करायलाच हवे. माती, अळ्या, जंतांची अंडी, विषमज्वराचे जिवाणू हे सगळे भाजीवरून खरोखर पोटात जाते. पालेभाजी निवडून, मुळे कापून मोठ्या पातेल्यात बुडवा, हलवा, माती खाली बसली की भाजी वरून उचलून रोळीत काढा. पाणी ओतून भाजी काढली तर बसलेली माती पुन्हा तिच्यावर येते. तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत पाणी बदला. बटाटे, काकडी, गाजर हाताने किंवा ब्रशने वाहत्या पाण्याखाली चोळा.

साबण नको. भाजीची साल आणि पाने साबण शोषतात, आणि तो पोटात गेला की मळमळ, जुलाब होतात. मार्च २०२० मध्ये मिशिगनच्या एका डॉक्टरांचा किराणा पुसण्याचा व्हिडिओ कोट्यवधींनी पाहिला. त्यातल्या फळांना साबण लावण्याच्या सल्ल्याला अन्नसुरक्षेच्या जाणकारांनी तेव्हाच हरकत घेतली होती. आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही भाज्यांवर साबण आणि जंतुनाशके वापरू नका असे सांगितले. कच्च्या खाण्याच्या भाज्यांसाठी हवे तर ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनचे पाणी घ्या, एवढी सूट त्याने दिली. ५ टक्के द्रावण असेल तर लिटरला १ मिलि, म्हणजे ओट्यासाठीच्या द्रावणाच्या विसाव्या हिश्शाइतके. त्यासाठी सुगंध किंवा डिटर्जंट नसलेले, अन्नासाठी चालते असे लेबलवर लिहिलेलेच द्रावण घ्या, भाजी आधी धुतलेली असू द्या आणि नंतर पिण्याच्या पाण्याने खळखळून घ्या. शिजवायच्या भाजीला याची गरज नाही.

रोग बदलला तर

नोरोविषाणूला ते स्निग्ध आवरण नसते. त्यावर सॅनिटायझर फारसे चालत नाही. हात साबणाने चोळून वाहत्या पाण्याखाली धुवावे लागतात आणि पृष्ठभागाला क्लोरीन लागते. कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांच्या साथीत पाणी आणि कच्चे अन्न हाच मुख्य मार्ग असतो. तिथे भाजी धुण्यात, पाणी उकळण्यात कसूर करून चालणार नाही. म्हणून नवी साथ आली की पहिला प्रश्न: हा रोग श्वासातून पसरतो की तोंडावाटे पोटात जाऊन? उत्तर मिळेपर्यंत, पहिले काही आठवडे, जास्त सावध राहणे योग्यच. उत्तर मिळाल्यावर पद्धत बदलायला हवी.

घरातल्या दोन पक्षांसाठी

भीती वाटणाऱ्याची थट्टा केल्याने भीती जात नाही, ती लपते आणि गुपचूप ब्लीचच्या बाटलीकडे वळते. त्यापेक्षा निरुपद्रवी पद्धत एकमताने ठरवा: सीलबंद वस्तूंना साबणाचे फडके, कोरड्या सामानाला एक ते तीन दिवस विश्रांती, भाजीला फक्त पाणी. ज्याचा आग्रह जास्त, पुसायचे काम त्याचे. बहुतेक घरांत आग्रह एकाचा आणि तास-दीड तास ओट्याशी उभी राहते ती घरातली बाई, तिच्या हातांची सालपटे निघतात. हे न्याय्य नाही.

घरात केमोथेरपी चालू असलेला, मूत्रपिंड बदललेला किंवा खूप वयस्कर माणूस असेल तर सामान लावण्याचे काम त्याच्याकडे देऊ नका. त्याच्यासाठी शिजवलेले अन्न आणि नीट धुतलेली, सोललेली फळे यांना पुडे पुसण्याहून जास्त महत्त्व आहे.

बाजारातला धोका सामानात कमी आणि गर्दीत जास्त असतो. मे २०२० मध्ये चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातून साथ पसरली ती तिथल्या माणसांच्या दाटीमुळे. श्वासातून पसरणाऱ्या रोगात पुसण्यात जाणारा वेळ इकडे वळवा: आठवड्याची यादी करून एकदाच जा, गर्दी नसलेली वेळ निवडा, मास्क नाकावर बसलेला हवा, वाणसामान घरपोच येत असेल तर दाराबाहेर ठेवायला सांगा आणि आणणारा निघून गेल्यावर उचला. बोलायचेच असेल तर तेही मास्क लावून आणि दोन हातांचे अंतर ठेवून.